श्रवण, स्वप्न आणि रूपक : परमार्गातील शृंगारकाव्याविषयी एक विचार



साती ग्रंथांचे अध्ययन सुरू झाले की बहुतेक प्रत्येक अभ्यासकाच्या मनात एक शंका उभी राहते. कोणी ती बोलून दाखवितो, कोणी संकोचाने मनातच ठेवतो. साधनवंताने चित्रातील स्त्रीदेखील पाहू नये, इतका कडक दंडक सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी घालून दिला आहे. त्याच परमार्गाने कवी नरेंद्राच्या 'रुक्मिणीस्वयंवरा'स साती ग्रंथांत मानाचे स्थान दिले. त्या ग्रंथात रुक्मिणीच्या रूपाचे, तिच्या पूर्वरागाचे आणि विरहावस्थेचे वर्णन इतक्या विस्ताराने आले आहे की प्राचीन मराठीतील शृंगाराचे उदाहरण द्यावयाचे झाले तर साहित्याचे इतिहासकार प्रथम त्याच ग्रंथाकडे बोट दाखवितात. भिंतीवरचे चित्र वर्ज्य आणि शब्दांतले चित्र ग्राह्य, असा भेद कशावरून करावयाचा? हा प्रश्न केवळ काव्यशास्त्राचा नाही. ज्याने घर सोडले आहे, भिक्षा पत्करली आहे आणि आपले मन एका ठिकाणी लावण्याची प्रतिज्ञा केली आहे, त्याच्या आचाराचा हा प्रश्न आहे.

ही शंका आजची नाही, ती परमार्गाच्या पहिल्याच पिढ्यांतील आहे. कवीश्वर भास्करभट्ट बोरीकरांनी 'शिशुपालवध' हा १०८७ ओव्यांचा ग्रंथ रचला, तेव्हा त्यांच्या गुरुबंधूंनी तो वाचून स्पष्ट अभिप्राय दिला की ग्रंथ उत्तम उतरला आहे, परंतु तो निवृत्तांच्या उपयोगाचा नाही. शृंगारात रमणाऱ्या प्रवृत्तांसच तो योग्य आहे. भास्करभट्टांनी वाद घातला नाही. त्यांनी एकादश स्कंधावर 'उद्धवगीता' हा ८२७ ओव्यांचा ग्रंथ सिद्ध केला. तो पूर्णपणे निवृत्तिपर आहे. येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. परमार्गाने तो अभिप्राय विसरू दिला नाही, आणि 'शिशुपालवध'ही टाकून दिला नाही. दोहोंचेही जतन केले आणि दोन्ही ग्रंथ साती ग्रंथांत शेजारी शेजारी ठेवले. अर्थात पूर्वाचार्यांनी आपल्या हाती निर्णय न देता एक विचारणीय प्रश्नच दिला आहे. त्याचा विचार करणे हे आपले काम आहे.

रूपकाचा मार्ग

या शंकेचे एक सोपे उत्तर पुष्कळदा दिले जाते. ते असे की हा शृंगार शृंगारच नव्हे, हे रूपक आहे. रुक्मिणी म्हणजे जीव, श्रीकृष्ण म्हणजे परमेश्वर, आड येणारा रुक्मी म्हणजे अहंकार, शिशुपाल म्हणजे विषय, आणि विवाह म्हणजे मोक्ष. असा अर्थ लावला की विरहाची प्रत्येक ओवी निरुपद्रवी होते आणि साधनवंत निःशंक मनाने ग्रंथ वाचू शकतो.

हे उत्तर जेथे शोभते ते स्थान आपल्याच परिसरात आहे. आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या वायव्येस साधारण पंधरा किलोमीटरवर देवगिरी आहे आणि दक्षिणेस साधारण पन्नास किलोमीटरवर पैठण. या दोन स्थानांशी दोन 'रुक्मिणीस्वयंवरे' निगडित आहेत. पहिले नरेंद्राचे, इ. स. १२९२ च्या सुमाराचे, देवगिरीच्या रामदेवराय यादवाच्या काळातील. दुसरे पैठणच्या श्रीएकनाथांचे, शके १४९३ म्हणजे इ. स. १५७१ मध्ये वाराणसीस पूर्ण झालेले. एकनाथांनी आपल्या ग्रंथात विवाहकथेच्या आडून जीवशिवाचे ऐक्य वर्णिले आहे आणि ते लपवून ठेवलेले नाही. अद्वैत सिद्धान्तास हे रूपक सर्वथा जुळते. जेथे अंती दोन उरतच नाहीत, तेथे वधूवरांचे मीलन हे त्या ऐक्याचे चिन्ह होऊ शकते. चिन्हाचे काम संपले की ते गळून पडले तरी हानी नाही.

आपल्या ब्रह्मविद्येत मात्र ही सोय नाही. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न आणि अनादि आहेत. मोक्षातही जीव परमेश्वर होत नाही, तो परमेश्वराच्या आनंदाचा भोक्ता होतो. म्हणून रुक्मिणीचा विवाह हा ऐक्याचे रूपक आहे असे म्हणणारा महानुभाव वाचक नकळत दुसऱ्याच सिद्धान्ताच्या घरी जाऊन बसतो.

दुसरी अडचण याहून गंभीर आहे. रूपकात जे सांगितले जाते ते खरे नसते, जे सुचविले जाते तेच खरे असते. रुक्मिणी केवळ जीवाचे नाव असेल, तर कुंडिनपुरी काही घडलेच नाही असे होते. परंतु श्रीकृष्ण चक्रवर्ती हे पंचकृष्णांतील एक अवतार. त्यांची लीला ही आपल्या दृष्टीने घडलेली लीला आहे, आणि नाम, मूर्ती, लीला व चेष्टा यांचे स्मरण हेच साधनवंताचे नित्याचे अन्न आहे. लीलेचे रूपक केले की स्मरणास विषयच उरत नाही. शृंगारापासून साधकाला वाचविण्याच्या नादात आपण त्याच्या हातचे स्मरण काढून घेतो.

येथे नरेंद्राची आठवण उपयोगी पडते. रामदेवरायाने काव्य ऐकून ओवीमागे सुवर्णनाणे देऊ केले. मात्र ग्रंथावर राजाचे नाव असावे अशी त्याची इच्छा होती. नरेंद्राने ते नाकारले, कारण त्याने कविकुळास बोल लागला असता. पुढे तो आचार्य श्रीनागदेवांच्या आश्रयास येऊन परमार्गात प्रविष्ट झाला. ज्या कवीने आपल्या ग्रंथावर दुसऱ्याचे नाव चढू दिले नाही, त्याच्या रुक्मिणीवर आपण 'जीव' हे दुसरे नाव चढवावे, हे मला उचित वाटत नाही.

उत्तरेतील एक उदाहरण या संदर्भात बोलके आहे. मलिक मुहम्मद जायसी यांनी 'पद्मावत' हे प्रेमकाव्य इ. स. १५४० मध्ये रचावयास घेतले. त्याच्या छापील प्रतींत शेवटी एक कडवे सापडते. शरीर म्हणजे चितोड, मन म्हणजे राजा, हृदय म्हणजे सिंहल, बुद्धी म्हणजे पद्मिनी आणि पोपट म्हणजे गुरू, असा संपूर्ण काव्याचा उलगडा त्यात केलेला आहे. कित्येक वर्षे त्यावरच 'पद्मावत'चा अर्थ लावला गेला. परंतु हस्तलिखिते ताडून पाहणाऱ्या माताप्रसाद गुप्त यांनी हे कडवे मागाहून घुसडलेले ठरविले. काव्य आधी होते. त्याची किल्ली कोणीतरी नंतर करून लावली. जे काव्य लोकांस फार आवडते आणि ज्याची आवड कबूल करण्यास संकोच वाटतो, त्याला अशी किल्ली हमखास येऊन चिकटते.

स्वप्न आणि श्रवण

मग शृंगारकाव्याचे वाचन कोणत्या आधारावर करावयाचे? यासाठी प्रेम कसे जन्मते याचा काव्यकर्त्यांनी केलेला विचार पाहावा. पूर्वराग श्रवणाने उत्पन्न होतो किंवा दर्शनाने, आणि दर्शन हे इंद्रजालात, चित्रात, साक्षात् अथवा स्वप्नात घडते, असे विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त सांगितले आहे. भागवताच्या दशम स्कंधात यांपैकी दोन प्रकारांच्या दोन कथा थोड्याच अंतराने आल्या आहेत. त्या शेजारी ठेवून वाचल्या म्हणजे पुष्कळ प्रकाश पडतो.

पहिली उषेची. बाणासुराच्या या कन्येने एका पुरुषास स्वप्नात पाहिले आणि ती जागी होताच त्याच्यासाठी व्याकुळ झाली. तो कोण, कुठला, त्याचे नाव काय, यांतले तिला काहीच ठाऊक नव्हते. सखी चित्रलेखा हिला देव, गंधर्व आणि मनुष्य यांची चित्रे एकामागून एक काढून दाखवावी लागली. त्यांत अनिरुद्धाचे चित्र आले तेव्हा उषेने मान खाली घातली आणि ओळख पटली. स्वप्नाने तिला ओढ दिली, पण नाव दिले नाही. ज्याला साक्षीदार एकच, आणि तोही झोपलेला, असे हे ज्ञान आहे. चित्रलेखा नसती तर उषा आपल्याच मनाच्या प्रतिमेवर आयुष्यभर झुरत राहिली असती.

दुसरी रुक्मिणीची. तिने स्वप्न पाहिल्याचे भागवत सांगत नाही. घरी येणाऱ्या पाहुण्यांच्या मुखाने तिने श्रीकृष्णाचे रूप, पराक्रम आणि गुण ऐकले आणि ऐकून निश्चय केला. तिच्या प्रेमाला आरंभापासूनच नाव आहे, सांगणारे आहेत, आणि ते सांगणारे एकाहून अधिक आहेत. ती जागी आहे. संकट आले तेव्हा तिने ब्राह्मणाजवळ निरोप देऊन कोणत्या दिवशी, कोणत्या स्थळी आणि कसे यावे हेदेखील कळविले. श्रवणातून जन्मलेले प्रेम कार्याला कसे लागते, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

त्याच शतकात युरोपातील कवी कोणत्या वाटेने गेले हे पाहणे उद्बोधक आहे. फ्रान्समध्ये इ. स. १२३० च्या सुमारास गियोम द लोरिस याने 'गुलाबाची प्रेमकथा' आरंभिली. विसाव्या वर्षी पाहिलेले एक स्वप्न आपण सांगत आहोत, अशी तिची मांडणी आहे. त्या स्वप्नात एक उद्यान आहे, एक कळी आहे, आणि आळस, मत्सर, भय अशा वृत्ती मनुष्यरूपाने वावरतात. सुमारे चाळीस वर्षांनी जाँ द मन याने तिचा फार मोठा विस्तार केला. पुढे इ. स. १४०१ पासून विदुषी क्रिस्तीन द पिझाँ हिने या काव्यावर कठोर आक्षेप घेतले, आणि पॅरिस विद्यापीठाचे प्रमुख जाँ जेर्सों हेही तिच्या बाजूने उभे राहिले. रूपकाचे आवरण असूनही काव्यातील वासना वाचकापर्यंत पोहोचतेच, हा त्या आक्षेपाचा गाभा होता. 'शिशुपालवधा'वर परमार्गात जो अभिप्राय दिला गेला त्याच जातीचा हा वाद आहे; म्हणजे प्रश्न केवळ आपल्या मठांपुरता नाही.

इटलीचा कवी दान्ते याने 'नवजीवन' हा ग्रंथ नरेंद्रानंतर दोन-तीन वर्षांच्या आतच लिहिला असावा. त्यातही आरंभी एक स्वप्न आहे. प्रेमदेव कवीचे जळते हृदय हाती घेऊन येतो आणि ते बेआत्रीचेला खाऊ घालतो. दान्तेने ते स्वप्न कवितेत मांडून इतर कवींकडे अर्थ विचारण्यासाठी पाठविले. तेव्हा खरा अर्थ कोणालाच उमगला नाही, असे तो स्वतः सांगतो. उषेला जशी चित्रलेखा लागली, तसे दान्तेलाही स्वप्नाचा अर्थ शोधण्यासाठी दुसऱ्यांच्या दारी जावे लागले.

स्वप्न आणि रूपक यांची संगत अशी जवळची आहे. दोहोंतही दिसते एक आणि असते दुसरे. आणि दोहोंचा अर्थ शेवटी पाहणाऱ्याच्या मनावर अवलंबून राहतो. म्हणून रूपकाने साधक सुरक्षित होतो हा समज तपासून पाहावा लागतो. रूपकात रुक्मिणी म्हणजे जीव, आणि जीव म्हणजे मीच, असे ठरले की विरहाच्या प्रत्येक ओवीत वाचक स्वतःच उतरतो. तो स्वतःच वधू होतो, स्वतःच तळमळतो, आणि त्या तळमळीलाच भक्ती समजू लागतो. लीला म्हणून वाचणारा मात्र बाहेर हात जोडून उभा असतो. तो विवाह त्याचा नाही. ते रूप त्याच्यासाठी नाही. भिंतीवरील चित्र पाहणाऱ्यासाठीच काढलेले असते, म्हणून ते वर्ज्य. लीलेत कोण कोणासाठी आहे हे आधीच ठरलेले असते आणि तेथे पाहणाऱ्याच्या इच्छेला जागा नसते. आरंभीच्या शंकेचे, निदान अंशतः, उत्तर येथे मिळते असे मला वाटते.

लीलेचे स्मरण आणि स्वप्न यांतील अंतरही येथेच स्पष्ट होते. म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध करताना स्वामींच्या सहवासात राहिलेल्यांकडे जाऊन, विचारून, पारखून लीळा गोळा केल्या. आचार्य श्रीनागदेवांकडून त्यांची खातरी करून घेतली. स्मरणाला असे अनेकांचे साक्ष्य असते. स्वप्नाला ते असू शकत नाही. म्हणून साधनवंतास स्वप्नात काही दिव्य दिसले तर त्याने ते आपली प्राप्ती म्हणून मिरवू नये; आणि अनुचित दिसले तर ते आचरण झाले असे समजून खचूही नये, कारण निद्रेत संकल्प नसतो. जागेपणी मन कोठे गुंतले होते याची ती केवळ सूचना असते. तिची दखल घेऊन उजाडताच स्मरणास बसावे, एवढेच त्याच्या हाती आहे.

दृष्टांताचा मार्ग

रूपक सोडले तर लीलेतून साधकाला आपल्यापुरते काही घेता येणारच नाही काय, असे कोणी विचारील. घेता येईल, त्यासाठी स्वामींनीच एक रीत दाखविली आहे, ती दृष्टांताची. केशिराजबासांनी सिद्ध केलेल्या 'दृष्टांतपाठा'त ११४ दृष्टांत आहेत आणि प्रत्येकाची तीन अंगे आहेत : आधी सूत्र, मग दृष्टांत, शेवटी दार्ष्टान्तिक. सूत्र आणि दृष्टांत स्वामींचे, दार्ष्टान्तिक केशिराजबासांचे. गोष्ट आणि तिचा लागू पडणारा अर्थ ही दोन अंगे स्वतंत्र ठेवलेली आहेत, एकात एक मिसळून टाकलेली नाहीत.

हत्ती आणि जात्यंध यांचा दृष्टांत सर्वांस ठाऊक आहे. कोणी पाय चाचपून हत्ती खांबासारखा म्हणतो, कोणी कान चाचपून सुपासारखा. यातून एकदेशी ज्ञानाची मर्यादा कळते. परंतु हत्ती म्हणजे परमेश्वर, सोंड म्हणजे अमुक, शेपूट म्हणजे तमुक अशी वाटणी करण्याचे कारण नसते. दृष्टांत एका अंगानेच लागतो. बाकीची गोष्ट गोष्टच राहते, हत्ती हत्तीच राहतो. रूपक मात्र सगळी गोष्ट गिळून टाकते.

ही रीत रुक्मिणीच्या कथेस लावून पाहावी. रुक्मिणी जीव नव्हे, ती रुक्मिणीच. परंतु गुण ऐकल्यानंतर आणि भेट होण्यापूर्वी जो काळ तिने काढला, त्या काळाशी आमच्या स्थितीचे एका अंगाने साम्य आहे. आम्ही असन्निधानातले आहोत. अवताराचे सन्निधान आम्हांस लाभलेले नाही; जे आहे ते ऐकलेले आहे, सूत्रे, लीळा आणि स्थानांच्या आठवणी. ऐकलेल्यावर विसंबून, दुसरे स्थळ मनात येऊ न देता, वाट कशी पाहावी, एवढे त्या विरहवर्णनातून घ्यावे. चंदनाचे लेप, कमळाच्या शय्या आणि सख्यांचे उपचार यांना अध्यात्माचे अर्थ चिकटविण्याची गरज नाही. ती काव्याची शोभा आहे आणि ती तशीच राहू द्यावी.

निवृत्ताचे स्थान

आता शेवटचा मुद्दा. या कथेत निवृत्ताला उभे राहण्यास जागा तरी कोणती? माझ्या मते ती कथेतच दिलेली आहे. रुक्मिणीचा निरोप घेऊन द्वारकेस जाणारा तो ब्राह्मण पाहावा. पुढील मराठी कवींनी त्यास सुदेव म्हटले. भागवत त्याचे नावही सांगत नाही. त्या प्रेमात त्याचा वाटा नाही. त्याने निरोपात आपले एक अक्षर घातले नाही, त्याचा अर्थ बदलला नाही. त्याने तो ज्याचा त्यास पोहोचविला. परंतु रुक्मिणीच्या आधी श्रीकृष्णाचे दर्शन त्यालाच घडले. आणि श्रीकृष्णाने त्यास आसन देऊन, भोजन घालून, स्वतःच्या हाताने त्याचे पाय चेपले, असे भागवतकार आवर्जून सांगतात. दुसऱ्याच्या प्रेमाचा निरोप निर्मळ हाताने वाहणाऱ्याचा हा मान आहे.

महदाइसांचे 'धवळे' याच जागेवरून उमटले. रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहाच्या प्रसंगी, शके १२०८ च्या सुमारास, त्यांनी रुक्मिणीच्या विवाहाची गीते गायिली. गाणारी स्वतः विधवा आणि संन्यस्त. त्या काळच्या लोकरीतीप्रमाणे मंगलकार्यात तिची सावलीही नको असे मानले गेले असते. तिला त्या विवाहातून स्वतःसाठी काही मिळवावयाचे नव्हते. म्हणूनच तिला तो निःसंकोचपणे गाता आला. तिचे गाणे मराठीतील आद्य कवयित्रीचे गाणे ठरले.

याचा अर्थ 'शिशुपालवधा'वरील तो जुना अभिप्राय चुकीचा होता असे मी म्हणत नाही. ज्याचे मन वधूच्या किंवा वराच्या जागी जाऊन बसते, त्याच्यासाठी तो अभिप्राय आजही तंतोतंत खरा आहे, आणि आपले मन कोठे जाऊन बसते हे ज्याचे त्यालाच कळते. म्हणून नव्या साधनवंताने सूत्रपाठ आणि दृष्टांतपाठ यांचे अध्ययन झाल्यावर, गुरूंच्या सन्निध, श्रवणाच्या रीतीने हे ग्रंथ घ्यावेत. एकांतात मनोरंजनासाठी घेऊ नयेत. एखादी ओवी वाचताना आपण निरोप वाहणारे राहिलो आहोत की निरोपाचे मालक झालो आहोत, हे स्वतःस विचारावे. मालक झालो असे आढळले तर ग्रंथ मिटून ठेवावा आणि 'उद्धवगीता' उघडावी. भास्करभट्टांनी ती त्याचसाठी लिहून ठेवली आहे.

दंडवत प्रणाम.